चुनखडी ते कळीचा चुना : खानदेशात छोटी उभी भट्टी चालवताना

१०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत गेली की ५६ किलो कळीचा चुना, म्हणजे भाजलेला पण अजून पाणी न दिलेला चुना, हाती येतो. उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू होऊन धुराड्यातून निघून जाते. भट्टीचा सगळा जमाखर्च या ४४ किलोंभोवती फिरतो. दगडातून किती वायू बाहेर पडला हे ज्याला वजनावरून सांगता येते, त्याला चुना पुरता भाजला की कच्चा राहिला हे कळते. नुसता रंग पाहून चुना पास करणारा कधी ना कधी फसतोच.

खानदेशात पहिला प्रश्न दगडाचा. धुळे, जळगाव आणि नंदुरबारचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर बसला आहे. चुनखडीचे सलग, जाड थर इथे शोधूनही सापडत नाहीत. आहे तो कंकर. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठच्या गाळात आणि काळ्या मातीच्या खालच्या पिवळट थरात सुपारीपासून बटाट्याएवढे पांढुरके, खडबडीत गोटे मिळतात. केळीची पाने पिवळी पडली की शेतकरी ज्या 'चुनखडीच्या जमिनी'ला दोष देतो, ती हीच. या कंकरात चिकणमाती मिसळलेली असते. त्यामुळे त्याचा चुना करडा निघतो, पण थोडा सिमेंटच्या गुणाचा असतो आणि ओलीतही घट्ट होतो. बांधकामाच्या चुन्याच्या भारतीय मानकात, आयएस ७१२ मध्ये, कंकर-चुन्याला 'ई' असा स्वतंत्र वर्ग आहे. जुन्या वाड्यांची, विहिरींची, किल्ल्यांची डागडुजी करायची असेल तर हाच चुना शोधावा.

साखर कारखाना, पाणी शुद्धीकरण किंवा रसायनाचे काम असेल तर कंकर चालत नाही. त्यासाठी बाहेरचा दगड लागतो, आणि इथे हिशेब आधी करावा. १ टन चुन्यासाठी पावणेदोन ते दोन टन दगड ओढून आणायचा, म्हणजे निम्मे भाडे हवेत सोडायच्या वायूचे. म्हणून मध्य प्रदेशातल्या कटनीसारख्या ठिकाणी भट्ट्या खाणीशेजारी आहेत आणि तिथून तयार चुनाच गाडीत भरला जातो. खानदेशात भट्टी टाकायची तर हाताशी कंकर तरी हवा, किंवा परतीच्या रिकाम्या ट्रकचे स्वस्त भाडे तरी. दोन्ही नसेल तर कळीचा चुना विकत आणून फक्त विरवण्याचा, म्हणजे पाणी देऊन त्याची फक्की किंवा लगदा करण्याचा, धंदा करणे शहाणपणाचे. कंकर उचलायचा असला तरी तो गौण खनिजात मोडतो. परवाना आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) आधी, नदीकाठी फावडे नंतर. भट्टीला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही लागते.

दगडाची पारख

ताज्या फोडलेल्या बाजूवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका. खळखळून फेस आला तर चुनखडी. फेस मंद असेल, पण तोच दगड कुटून भुकटीवर टाकल्यावर जोरात येत असेल, तर त्यात मॅग्नेशियम जास्त आहे, म्हणजे तो डोलोमाइटकडे झुकलेला आहे. ही झाली ओळख. खरेदी मात्र वजनावर करा. वाळवलेली १०० ग्रॅम भुकटी प्रयोगशाळेच्या भट्टीत ९५० ते १००० अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. शुद्ध दगड ४४ ग्रॅम घटतो, ९५ टक्क्यांचा सुमारे ४२. घट ३५ वर थांबली तर बाकीचा भाग माती आणि वाळू आहे आणि ती भाजायचा कोळसा फुकट जाणार आहे. एक खोड लक्षात ठेवा: डोलोमाइटची घट ४४ पेक्षाही जास्त येते. तेव्हा आकडा 'फारच चांगला' दिसला तर खूश होऊ नका, मॅग्नेशियम तपासून घ्या.

आणखी एक चाचणी बरेच जण टाळतात आणि मग पस्तावतात. मुठीएवढे आठ-दहा दगड लोहाराच्या भात्यावर लाल करून पाहा. काही चुनखड्या, विशेषतः मोठ्या चकचकीत स्फटिकांच्या, तापताच तडतडून बारीक होतात. रसायनाच्या कागदावर असा दगड उत्तम ठरतो, पण भट्टीत त्याचा चुरा होऊन हवेची वाट बुजते.

कंकर उन्हाळ्यात गोळा करावा. पावसाळ्यात त्याला चिकटलेली माती निघता निघत नाही. जाळीवर घासून, धुऊन, दोन-तीन दिवस उन्हात वाळवून मगच भट्टीवर न्यावा. माती भट्टीत गेली की काचेसारखी वितळते आणि गोटे एकमेकांना चिकटवते.

फोडणे आणि चाळणे

भट्टीचे यश इथे ठरते, आगीपाशी नाही. उष्णता दगडात बाहेरून आत शिरते. वरचा पापुद्रा चुना होतो, आणि चुना स्वतःच उष्णता अडवतो. गाभ्याला सुमारे ९०० अंश मिळाल्याशिवाय तिथला वायू सुटत नाही. त्यामुळे दगड दुप्पट जाड झाला तर वेळ दुप्पट लागून भागत नाही, तिप्पट-चौपट लागतो. ६० आणि १५० मिलिमीटरचे दगड एकत्र टाकले की लहान जळून मरतो, म्हणजे जादा भाजून पाण्यात नीट विरत नाही, आणि मोठ्याच्या पोटात कच्चा खडा राहतो. एकाच भट्टीतून, एकाच दिवशी, दोन्ही दोष बाहेर येतात आणि मालक कोळशाला शिव्या देत बसतो.

उभ्या भट्टीसाठी ७५ ते १२५ मिलिमीटरचा दगड ठेवा. सर्वांत मोठा सर्वांत लहानाच्या दुपटीपेक्षा मोठा नको. १२५ च्या चौकोनी जाळीवर राहील तो पुन्हा फोडायचा, ७५ खालून पडेल तो वेगळा ढीग. हा खालचा माल टाकून देऊ नका. ४० ते ७५ चा दगड साठवून त्याची वेगळी भरणी करता येते. ४० च्या खालचा मात्र या भट्टीत घालूच नका. कंकर मुळातच लहान असतो, म्हणून त्याची भट्टी बुटकी ठेवतात. चार-पाच मीटरपेक्षा उंच थर केला तर हवा वर चढत नाही.

मापे आणि कोळशाचा हिशेब

आतला व्यास २ मीटर, कामाची उंची ८ मीटर, हे छोट्या उद्योगाला झेपणारे माप. आतली जागा सुमारे २५ घनमीटर होते. त्यात कोळशासह ३२ ते ३५ टन दगड बसतो. दगडाला वरून खाली यायला ४८ तास द्यायचे ठरवले तर रोज १६-१७ टन दगड आत आणि साडेआठ टनांच्या आसपास चुना बाहेर. यापेक्षा जास्त ओढायचा मोह झाला तर कच्चे खडे मोजायची तयारी ठेवा.

भट्टीचे आतून तीन पट्टे असतात. वरचा दगड तापवण्याचा, मधला भाजण्याचा, खालचा चुना थंड करण्याचा. खालून येणारी हवा चुन्याची धग उचलून आगीपर्यंत नेते आणि आगीचा गरम वायू वरच्या दगडाला तापवतो. म्हणून नीट चाललेल्या भट्टीतून चुना हाताला सोसेल इतका कोमट निघतो आणि वरचा वायू १०० ते २०० अंशांच्या दरम्यान राहतो. मधल्या पट्ट्याला उच्च ॲल्युमिनाच्या फायरब्रिक, त्यामागे उष्णतारोधक विटा आणि बाहेर लोखंडी पत्र्याचे कवच. विटा आणि कवच यांमध्ये थोडी फट सोडावी, तापल्यावर विटा फुगतात. तळाशी निमुळता शंकू आणि समोरासमोर चार तोंडे, म्हणजे माल चारही बाजूंनी सारखा उतरतो. दर मीटरभर उंचीवर पहार घालायला झाकणाची भोके ठेवा आणि निदान तीन ठिकाणी तापमान मोजणारे थर्मोकपल लावा.

१ किलो चुना तयार व्हायला मूळ प्रक्रियेलाच सुमारे ७६० किलोकॅलरी लागतात. छोट्या भट्टीत धूर, भिंती, राख यांतून बरीच उष्णता जाते, म्हणून प्रत्यक्षात १४०० धरा. किलोला ५००० किलोकॅलरी देणारा दगडी कोळसा असेल तर किलोमागे २८० ग्रॅम, म्हणजे टनाला २८० किलो. दगडाच्या हिशेबाने टनाला साधारण १५० किलो. कोळसा बदलला की हे गणित नव्याने मांडायचे. ४००० चा कोळसा 'स्वस्त' म्हणून आणला तर टनाला ३५० किलो लागतो आणि राखही वाढते. कोळशाचे तुकडे २५ ते ५० मिलिमीटरचे हवेत. फार बारीक कोळसा दगडांच्या फटींतून घसरून एका जागी साचतो. ज्या कोळशात उडून जाणारा भाग जास्त, तो वरच्या पट्ट्यातच धूर होऊन निघतो. धुराड्यातला काळा धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेला आणि आगीपर्यंत न पोचलेला कोळसा.

या मापाच्या भट्टीत तासाला सुमारे १०० किलो कोळसा जळतो. त्याला साधारण ६५० ते ७०० घनमीटर हवा लागते. नुसत्या धुराड्याच्या ओढीवर भरवसा ठेवू नका. चैत्र-वैशाखात दुपारी सुटणारा गरम वारा ओढ कधी वाढवतो, कधी मोडतो, म्हणून डँपरसह, म्हणजे हवा कमी-जास्त करायच्या झडपेसह, छोटा ब्लोअर बसवा. शिवाय भुसावळकडच्या मे महिन्यातली ४५ अंशांची हवा डिसेंबरातल्या १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ १० टक्के विरळ असते. डँपर हिवाळ्यात जिथे होता तिथेच ठेवला तर उन्हाळ्यात आग उपाशी राहते.

पेटवणे

नवी भट्टी एकदम पेटवू नका. तळाशी लाकडाची मंद धुनी ठेवून पाच-सहा दिवस अस्तर वाळवा. पहिले दोन दिवस विटा १५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. ओलसर विटेत पाण्याची वाफ कोंडली की तिचे पापुद्रे उडतात.

मग थंड पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत साधा दगड भरा. त्यावर सुके जळाऊ लाकूड, बाभळीचे असेल तर उत्तम, अर्धा-पाऊण मीटर रचा. त्यावर १५-२० सेंटिमीटर कोळसा. पुढे दगड आणि कोळशाचे थर. पहिल्या चार-पाच थरांत कोळसा दीडपट, नंतर हळूहळू नेहमीच्या प्रमाणावर. एकदम गळ्यापर्यंत भरू नका. निम्मी भट्टी भरून बाजूच्या भोकांतून लाकूड पेटवा, आग चारही बाजूंना धरली की उरलेले थर चढवा. पहिल्या दिवशी खालून निघणारा दगड कच्चाच असतो. तो वेगळा ठेवून पुन्हा वर घालायचा.

रोजची फेरी

एका फेरीला ५०० किलो दगड आणि ७० ते ७५ किलो कोळसा, दोन्ही काट्यावर तोलून. 'चार घमेली' हे माप नव्हे. पावसाळ्यात ओल्या कोळशाचे एक घमेले उन्हाळ्यातल्या घमेल्यापेक्षा कितीतरी जड भरते आणि त्यातला जास्तीचा भाग नुसते पाणी असते. दगड मधोमध ओतला तर ढिगाची टेकडी होते, मोठे दगड गडगडत भिंतीकडे जातात आणि हवा तिथूनच पळते. म्हणून दर फेरीनंतर माथा सपाट करा. कोळसा सगळीकडे सारखा पसरा, पण अस्तरापासून वीतभर आत. दिवसाला अशा सुमारे ३४ फेऱ्या होतात. चुना दर दोन तासांनी, प्रत्येक वेळी साधारण ७०० किलो, चारही तोंडांतून सारखा काढा. दिवसभर एकाच तोंडातून काढला तर त्या बाजूची आग खाली घसरते आणि समोरची वर चढते.

आग कुठे आहे हे दोन टोके सांगतात. खालून लालसर, धगधगता चुना येऊ लागला तर आग खाली उतरली आहे. माल काढायचा वेग कमी करा, हवा थोडी वाढवा. उलट वरचा वायू ३०० अंशांच्या पुढे गेला आणि खालचा चुना अगदी थंडगार येत असेल तर आग वर चढली आहे. हवा कमी करा, माल जरा भराभर काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम दिसायला पाच-सहा तास द्या. घाईने डँपर आणि वेग दोन्ही फिरवणाऱ्याला कशाने काय झाले हे कधीच कळत नाही.

सर्वांत वाईट म्हणजे खंगर. कोळशाची राख आणि चुना १२००-१३०० अंशांच्या पुढे एकत्र वितळतात, दगडांचा गठ्ठा बनतो आणि भिंतीला धरून कमान करतो. खालून माल निघत राहतो, माथा मात्र खाली बसत नाही. म्हणजे आत पोकळी झाली. अशा वेळी खालच्या तोंडात वाकून पहार मारणे जिवावरचे असते, कमान सुटली तर टनावारी तापलेला माल एकदम कोसळतो. हवा बंद करा आणि बाजूच्या भोकांतून, वरून खालच्या क्रमाने, उभ्या अंगाने सोडवा. बहुतेक वेळा कारण तेच सापडते: चुरा, मातकट दगड, किंवा एका जागी पडलेला जादा कोळसा.

भट्टीच्या माथ्यावर कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही. माथ्यावर एकट्याने चढू नये, वारा येतो त्या बाजूला उभे राहावे, डोके जड वाटले की लगेच खाली यावे. तळाच्या बोळात आणि खड्ड्यात कार्बन डायऑक्साइड साचतो. तिथे उतरण्याआधी ब्लोअरने हवा मारा.

कच्चा की जळका

एक किलोच्या आसपासचे पाच दगड तोलून, जाड तारेच्या पिंजऱ्यात घालून, खूण बांधून भरणीत सोडा. दोन दिवसांनी खाली येतील तेव्हा पुन्हा तोला. दगड ९५ टक्क्यांचा असेल तर १००० ग्रॅममधून ४१८ ग्रॅम जायला हवेत. पिंजऱ्यातून ६२० ग्रॅम निघाले, तर गेले ३८०. म्हणजे ९१ टक्के भाजला. ऐकायला बरे वाटते. पण अडकलेला ३८ ग्रॅम वायू म्हणजे ८६ ग्रॅम कच्चा दगड, आणि तो आता ६२० ग्रॅममध्ये आहे. गिऱ्हाइकाच्या हाती १४ टक्के दगड गेला.

जळक्या चुन्याचे उलट. त्याचे वजन बरोबर असते, पण रंग पिवळट, खडा आकसलेला आणि आकाराच्या मानाने जड, ठोकला तर खणखणतो. चांगला चुना हलका, सच्छिद्र, आणि ठोकल्यावर बद्द वाजतो. खात्री पाण्यात होते. ६०० ग्रॅम पाणी २० अंशांवर घ्या, त्यात १५० ग्रॅम कुटलेला चुना टाकून ढवळत राहा आणि ६० अंश गाठायला किती वेळ लागतो ते पाहा. दोन मिनिटांच्या आत गाठले तर चुना तेज. दहा मिनिटांपुढे गेले तर जळका. पाणी २० अंशांचेच हवे. उन्हाळ्यात टाकीतले पाणीच ३५ अंशांचे असते आणि त्यात सुमार चुनाही तेज ठरतो. बर्फाचा खडा टाकून पाणी आधी उतरवून घ्या.

विरवणे

१ किलो चांगला चुना विरताना सुमारे २७५ किलोकॅलरी सोडतो. एवढ्यात ३० अंशांचे जवळजवळ ४ लिटर पाणी उकळीला येते. म्हणून लगदा करताना चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचे नाही. डोळ्यांवर बंद चष्मा, पायात गमबूट, अंगात पूर्ण बाह्या. चुना डोळ्यात गेला तर २० मिनिटे सतत स्वच्छ पाण्याची धार आणि लगेच दवाखाना. अंगावर कोरडी भुकटी पडली तर आधी झटकायची, मग भरपूर पाण्याने धुवायची.

कोरडी फक्की हवी असेल तर १०० किलो चुन्याला हिशेबाने ३२ लिटर पाणी पुरते, पण निम्मे वाफ होऊन जाते, म्हणून ६० ते ६५ लिटर लागते. झारीने थोडे थोडे द्या आणि ढीग उलटत राहा. पाणी एकदम दिले तर खडे बाहेरून लोण्यासारखे होतात आणि आत कोरडेच राहतात. दिवसभर मुरू द्या, मग चाळा. १०० किलोंची साधारण १३० किलो फक्की होते. चाळणीवर उरलेले खडे फेकण्याआधी तोला. रोजच्या भाजणीचा तो सर्वांत स्वस्त अहवाल आहे. गिलाव्याच्या चुन्याचा मात्र पाण्याखालीच लगदा करा आणि निदान तीन दिवस, जमल्यास महिनाभर, मुरवा. न विरलेला एखादा जळका कण गिलाव्यात राहिला तर तो महिन्यांनी फुगतो आणि भिंतीवर फोड उठतो. कंकर-चुन्याला हा महिना लागू नाही. तो पाण्यात पडून राहिला तर टाकीतच घट्ट व्हायला लागतो, विरला की लवकर वापरून टाकावा.

बागायतदार पिकावरच्या बुरशीसाठी फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी चुना नेतो तेव्हा त्याला खडे नको असतात, फवाऱ्याचे तोंड बुजते. एक टक्का मिश्रणाला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना लागतो. मिश्रणात चकचकीत खिळा किंवा विळा बुडवून काढला आणि त्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला किंवा शिळा होता. शिळ्या चुन्याचे बहुधा साठवणुकीतच बिनसलेले असते. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन कळी आपोआप भुकटी होते आणि हळूहळू परत दगडाच्या वाटेला लागते. मृगाच्या आधी गोदाम रिकामे करण्याचा प्रयत्न करा. उरलेला माल प्लॅस्टिकच्या अस्तराच्या पोत्यांत किंवा झाकणाच्या पिंपांत, जमिनीपासून वर फळ्यांवर, भिंतीपासून हात सोडून ठेवा. शेजारी गवत, बारदान, लाकडी भुसा नको. ट्रकची ताडपत्री गळकी असेल आणि पाणी चुन्यात शिरले तर पोती फुगून फुटतात आणि खालच्या लाकडी फळ्या धुमसू लागतात. अशा गाडीवर बादलीभर पाणी मारले तर उष्णता आणखी वाढते. तेव्हा आधी कोरडी पोती बाजूला उतरवून घ्यायची आणि पेटलेल्या भागावर कोरडी वाळू टाकायची.